रानपिंगळ्याची साक्ष

पिंगळा ठाऊक नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. दिवेलागणीच्या सुमारास जुन्या वाड्याच्या वळचणीस, वडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात हा मूठभर आकाराचा, घुबडाच्या जातीचा पक्षी बसलेला आढळतो. त्याच्या बोलण्यावरून शकुन पाहण्याची रूढी आपल्याकडे फार जुनी आहे. हाती कंदील घेऊन पहाटेच्या अंधारात दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या जोशांस लोकांनी ह्याच पक्ष्याचे नाव दिले. अशा ह्या घरच्या पाखराचा एक रानातला भाऊबंद आहे. त्यास रानपिंगळा अथवा वनपिंगळा म्हणतात. घरचा पिंगळा जितका परिचित, तितका हा रानपिंगळा अपरिचित. १८८४ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे तब्बल ११३ वर्षे, तो जिवंत असल्याचा एकही विश्वसनीय पुरावा जगात कोणापाशी नव्हता. तो नष्ट झाला असावा असे मोठमोठ्या पंडितांस वाटू लागले होते. तो पुन्हा सापडला तो आपल्या खानदेशात, शहाद्याजवळच्या रानात. आणि तो सापडल्याची साक्ष पटली ती कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांवरून. एके काळी प्राण्याचे अस्तित्व सिद्ध करावयाचे तर त्यास मारून त्याचे कातडे पुढे ठेवावे लागे. आज त्याचे छायाचित्र पुरते. हा पालट कसा घडून आला, त्यास किती चिकाटी लागली आणि त्यापासून काय लाभ झाला, हे पाहण्यासाठी खानदेशाइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल.

खानदेशच्या रानांचा अर्वाचीन इतिहास शिकारीपासून सुरू होतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पेशवाई बुडाल्यास पुरते वर्षही झाले नव्हते, तोच २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासकडील घोडदळाचा जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर असता अजिंठ्याच्या दरीत येऊन ठेपला, आणि झाडीत दडलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. म्हणजे अजिंठ्याची लेणी पाश्चात्य जगास माहीत झाली ती देखील वाघामुळेच. पुढे १८२५ साली जेम्स ऑट्रम ह्या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली व धरणगाव येथे तिचे ठाणे केले. भिल्लांचा विश्वास संपादन करण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे त्यांच्या बरोबरीने केलेली वाघाची शिकार. त्याच्या चरित्रात दिलेल्या हिशेबाप्रमाणे १८२५ ते १८३४ ह्या दहा वर्षांत त्याच्या मंडळीने खानदेशात २३५ वाघ मारले, व त्यांपैकी १९१ वाघांच्या शिकारीत तो स्वतः हजर होता. त्या काळी वाघाचे भय खरे होते. गुरेढोरे व माणसे त्याच्या भक्ष्यस्थानी पडत. म्हणून त्या शिकारीस आजच्या मापाने मोजणे न्याय्य ठरणार नाही. परंतु एका जिल्ह्यात दहा वर्षांत इतके वाघ मारता आले, ह्यावरून तापीच्या दोन्ही अंगांची राने तेव्हा किती समृद्ध असतील ह्याची कल्पना करता येते.

शिकाऱ्यांच्या मागोमाग संग्राहक आले. ऍलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून सुशिक्षितांस परिचित आहे. परंतु हेच गृहस्थ हिंदुस्थानातील पक्ष्यांचे आपल्या काळातील सर्वांत मोठे अभ्यासक होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. देशभर पसरलेले त्यांचे मित्र व अधिकारी पक्षी मारून, त्यांची कातडी भरून त्यांच्याकडे पाठवीत. १८७२ साली ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने हल्लीच्या छत्तीसगडातील फुलझर भागातून एका लहानशा घुबडाचे कातडे धाडले. ह्यूमने १८७३ मध्ये आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन करून, त्यास शोधकर्त्याचे नाव दिले. १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल ह्या भूगर्भशास्त्रज्ञास ओरिसातील खरियार येथे दुसरा पक्षी मिळाला. त्यानंतर खानदेशात मुलकी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन ह्यांस शहादे-तळोद्याकडील सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी काही पक्षी मिळाले. १८८४ साली हा क्रम थांबला. सारे मिळून अवघे सात नमुने जगातील संग्रहालयांत जाऊन पडले, आणि रानपिंगळ्याविषयी मनुष्यजातीचे ज्ञान तेथेच संपले. तो काय खातो, कोठे घरटे करतो, कसा बोलतो, दिवसा हिंडतो की रात्री, ह्यांपैकी फारसे काही त्या सात कातड्यांवरून कळण्यासारखे नव्हते.

डेव्हिडसन खानदेशात पक्षी मारीत होते, त्याच सुमारास युरोपात छायाचित्रणाच्या कलेत मोठी सुधारणा होत होती. पूर्वी काचेस ओले रसायन फासून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे. हलत्या प्राण्याचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. कोरड्या काचा निघाल्यावर क्षणाच्या अंशात चित्र घेता येऊ लागले. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या दोघा शेतकरीपुत्रांनी १८९२ च्या वसंतात एका गाणाऱ्या पाखराच्या घरट्याचे चित्र घेतले, व १८९५ साली केवळ छायाचित्रांनी सजविलेले पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. पक्ष्यांनी बिचकू नये म्हणून ह्या भावांनी बैलाचे कातडे भरून त्याच्या पोटात कॅमेरा व माणूस बसविण्याची युक्ती काढली होती. त्या पोकळ बैलात तासन् तास अवघडून बसणाऱ्या माणसाची मूर्ती डोळ्यांपुढे आणली, म्हणजे ह्या विद्येचे पहिले भांडवल कोणते हे निराळे सांगावे लागत नाही. अमेरिकेत जॉर्ज शायरस ह्याने रात्री होडीतून जाऊन, चकाकणाऱ्या दारूच्या उजेडात हरणांची चित्रे घेतली; १९०६ साली त्यांपैकी ७४ चित्रे तेथील भूगोल-मासिकाने एकाच अंकात छापली. शायरस पूर्वी स्वतः शिकारी होता. बंदूक ठेवून त्याने कॅमेरा हाती घेतला, आणि शिकारीत जे कसब लागते ते सर्व ह्या नव्या छंदातही लागते असा अनुभव त्यास आला.

हिंदुस्थानात ह्या मार्गाचा खरा प्रवर्तक फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. हा संयुक्त प्रांतातील जंगलखात्याचा अधिकारी. हिमालयाच्या पायथ्याच्या अरण्यात वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तो बारीक तार आडवी बांधी. वाघाचा पाय तारेस लागला की चकाकी उडे व वाघ स्वतःच आपले चित्र काढून घेई. आज हे सोपे वाटते. परंतु त्या काळी दवाने रसायन बिघडे, तारेस साळिंदर किंवा चितळ अडखळून काच फुकट जाई, आणि कित्येक रात्रींच्या खटपटीनंतर एखादे चित्र हाती लागे. त्याचे पहिले पुस्तक १९२७ मध्ये व दुसरे १९३४ मध्ये निघाले. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण निरनिराळी असते, व चित्रांवरून एक वाघ दुसऱ्यापासून ओळखता येतो, हेही त्याने दाखवून दिले. कुमाऊंचे प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट ह्यांस बंदुकीऐवजी कॅमेरा घेण्याची प्रेरणा चॅम्पियनच्याच चित्रांपासून मिळाली, असे कॉर्बेट ह्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे.

सृष्टिनिरीक्षणाचे फळ मिळण्यासाठी घनदाट अरण्यातच जावे लागते असे मात्र नाही. मुंबईची सृष्टिज्ञान संस्था, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ साली स्थापन झाली. तिच्याशी जन्मभर निगडित असलेले डॉ. सालिम अली १९३० साली हातास नोकरी नसल्यामुळे कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे सासरच्या घरी राहत होते. घराजवळच सुगरणीची घरटी लोंबत होती. शिडीचे मचाण करून ते रोज तेथे बसत. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसरे घरटे आरंभितो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा सारा संसार त्यांनी तेथे उलगडला. शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर लोंबत असलेल्या घरट्यांचे हे गुपित एका बेकार मनुष्याच्या चिकाटीने बाहेर आले. त्यांच्या संशोधनकीर्तीचा पाया ह्याच कामाने घातला.

आता पुन्हा रानपिंगळ्याकडे वळू. विसाव्या शतकात त्याचा शोध घेण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. सालिम अलींनी १९७८ साली हिंदुस्थानातील गूढ पक्ष्यांविषयी लिहिताना ह्या पक्ष्याकडे लोकांचे लक्ष वेधले होते. मधूनमधून कोणास तो दिसल्याच्या वार्ता येत, क्वचित छायाचित्रेही पुढे येत. परंतु बारकाईने पाहता तो आपला नेहमीचा पिंगळाच ठरे. ह्या शोधास एका बनावट पुराव्यानेही फाटा फोडला होता. इतिहासाच्या अभ्यासकांस ती हकीकत विशेष मननीय वाटेल. धुळे हे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या अखेरच्या दिवसांचे गाव. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे १९२७ पासून अस्सल व बनावट कागदांची पारख करीत आले आहे. पक्षिशास्त्रातही तशीच एक बनावट सनद शिरली होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन नावाच्या नामांकित इंग्रज कर्नलाच्या संग्रहात रानपिंगळ्याचे एक कातडे होते, व त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साली तापीकाठी गुजरातेतील मांडवी येथे तो पक्षी मारल्याचे लिहिले होते. हा नमुना खरा मानला, तर पक्षी १८८४ नंतरही तीस वर्षे हयात होता व तो गुजरातेत आढळतो, असे दोन निष्कर्ष निघत.

अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ श्रीमती पामेला रासमुसेन ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात ह्या कातड्याची एखाद्या संशयित दस्तऐवजाप्रमाणे तपासणी केली. क्ष-किरणांनी त्याचा अंतर्भाग पाहिला, भरलेला कापूस व शिवण पाहिली, इतर संग्राहकांच्या हातच्या कामाशी तुलना केली. जसा लेखकाच्या अक्षराचा वळसा, तशी कातडे भरणाऱ्याच्या हाताची ढब असते. ह्या कातड्यावरील मूळची ढब डेव्हिडसन ह्यांची होती. म्हणजे लंडनच्या संग्रहालयातील खानदेशचा एक जुना नमुना उचलून, उसवून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. १९९९ साली ही लबाडी साधार प्रसिद्ध झाली. परंतु श्रीमती रासमुसेन ह्यांस त्याचा उपयोग त्यापूर्वीच झाला होता. मांडवीचा कागद खोटा ठरताच ते गाव शोधाच्या यादीतून गळाले, आणि उरलेल्या अस्सल चिठ्ठ्यांनी बोट दाखविले ते पूर्वेस फुलझर-खरियारकडे व पश्चिमेस खानदेशाकडे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये श्रीमती रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट असे तिघे जण हिंदुस्थानात आले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी शोध करून काही हाती लागले नाही. तेव्हा ते शहाद्याकडे आले. शहादे तालुका त्या वेळी धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा पुढे १ जुलै १९९८ रोजी निराळा झाला. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, ऊन वर आलेले असता, एका निष्पर्ण झाडाच्या उंच फांदीवर बसलेले एक लहान घुबड बेन किंग ह्यांस दिसले. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट व बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. संग्रहालयातील कातड्यांवरून ही सर्व लक्षणे श्रीमती रासमुसेन ह्यांस तोंडपाठ होती. हा घरचा पिंगळा नव्हे, हे त्यांनी तत्काळ ओळखले.

ह्या प्रसंगी सव्वाशे वर्षांपूर्वीचा संग्राहक असता, तर त्याचा हात बंदुकीच्या घोड्याकडे गेला असता. त्या काळाची रीतच ती होती. ह्या मंडळींचा हात गेला तो कॅमेऱ्याकडे. पक्षी सुदैवाने उन्हात स्वस्थ बसून राहिला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, हलती चित्रेही घेतली, आणि पक्षी आपल्या रानात सुखरूप राहिला. ११३ वर्षे नाहीशा झालेल्या जीवाचे अस्तित्व जगापुढे सिद्ध झाले, व त्यासाठी एक पीसही गळले नाही. ते क्षणाचे काम होते, पण त्या क्षणामागे संग्रहालयातील कपाटांपुढे घालविलेली वर्षे होती. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. डेव्हिडसन व ब्लुइट ह्यांनी मारलेल्या पक्ष्यांची कातडी नसती, तर त्या सकाळी समोर बसलेला पक्षी ओळखण्याचे साधनच उरले नसते. जुन्या रीतीचे ऋण मान्य करूनच नव्या रीतीचा गौरव करणे योग्य होय.

चित्राने पक्षी जिवंत राहिला, म्हणूनच पुढील ज्ञान शक्य झाले. १९९८ पासून फराह इश्तियाक, असद रहमानी आणि पुढे गिरीश जठार ह्या अभ्यासकांनी तळोदे, तोरणमाळ व मेळघाट ह्या भागांत रानपिंगळ्याचा माग काढला. हा पक्षी घुबड असून दिवसाउजेडी शिकार करतो. फांदीवर बसून शेपटी डावीउजवीकडे हलवीत खाली टक लावतो, व सरडे, उंदीर, किडे ह्यांवर झडप घालतो. सागाच्या विरळ, पानगळीच्या रानात तो राहतो, आणि झाडांच्या ढोलीत घरटे करतो. मादी अंड्यांवर बसली असता नर तिला अन्न आणून देतो. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो आढळला, तेव्हा मुंबईपासून इतक्या जवळ तो असेल ही कल्पना कोणासही नव्हती. ह्या नव्या नोंदींमुळे २०१८ साली जागतिक यादीत त्याची गणना अतिसंकटग्रस्तांतून संकटग्रस्तांत झाली. अर्थात संकट टळले असा त्याचा अर्थ नाही. सागाची जुनी, ढोलीची झाडे तुटत आहेत, राने नांगराखाली जात आहेत, आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेमुळे त्यांची हत्या अजूनही होते. सातपुड्यातील भिल्ल व पावरा लोकांचा निर्वाह त्याच रानावर चालतो. तेव्हा पक्षी वाचवावयाचा तर त्या लोकांस शेजारी मानूनच तो वाचेल, हे उघड आहे.

वाघाच्या बाबतीतही खानदेशास कॅमेऱ्याने असाच एक धडा दिला. चॅम्पियनच्या तारेची जागा आता लहानशा पेटीने घेतली आहे. झाडास बांधलेल्या ह्या पेटीपुढून उष्ण रक्ताचा प्राणी जाऊ लागला की उष्णतेतील फरक ओळखून ती आपोआप चित्र घेते. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा पेट्या २६,८३८ ठिकाणी लावल्या होत्या. त्यांनी ३,४८,५८,६२३ चित्रे टिपली, आणि त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. हिशेब केला तर सुमारे साडेचारशे चित्रांमागे वाघाचे एक चित्र पडते. बाकीच्या चित्रांत चितळ, रानडुकरे, साळिंदरे, गुरे व माणसे येतात. यंत्र आले तरी चिकाटीची गरज संपली नाही, असे हे आकडे सांगतात. 

मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यातील अशाच एका पेटीत वाघाचे चित्र उमटले. हे अभयारण्य जळगाव व औरंगाबाद, म्हणजे हल्लीचे छत्रपती संभाजीनगर, ह्या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. त्याच डोंगररांगेत चाळीसगावजवळचे पाटण आहे, जेथे भास्कराचार्यांच्या नातवाने कोरविलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात उजेडात आणला. ह्या रानात कित्येक दशकांत वाघ दिसला नव्हता. अंगावरील पट्टे जुन्या चित्रांशी ताडून पाहता, तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा वाघ असल्याचे निष्पन्न झाले. सुमारे ३३० किलोमीटर अंतर, शेते, नाले, सडका व लोहमार्ग ओलांडून तो आला होता. ज्या खानदेशात एके काळी दहा वर्षांत २३५ वाघ मारले गेले, तेथे एका वाघाचे एक चित्र मोठी वार्ता ठरले. हा इतिहास दुःखाचा आहे. तथापि त्यात आशेचाही अंश आहे. विदर्भापासून खानदेशापर्यंत झाडीची एखादी तुटकतुटक वाट अजून शिल्लक आहे, हे त्या चित्रानेच सिद्ध केले. आणि जी वाट सिद्ध झाली तिचे रक्षण करा, असे सरकारास ठासून सांगता येते.

इतक्या दूरच्या गोष्टी ऐकून कोणास वाटेल की हा छंद संशोधकांचा व जंगलखात्याचा. शहरातील गृहस्थास त्याचे काय? परंतु ज्यास वन्य जीव म्हणतात ते आपल्या उंबरठ्यापासून फार दूर नसतात. जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याजवळचा नकाणे तलाव, भुसावळकडील हतनूरचे जलाशय, लळिंगचे कुरण ही ठिकाणे घरून न्याहारी करून निघणाऱ्यासही गाठता येण्यासारखी आहेत. थंडीत हतनूरवर उत्तरेकडून बदके व इतर पाणपक्षी उतरतात. परसातल्या निंबावर खार असते, कुंपणात सरडा असतो, बांधावर मुंगूस असते, आणि पिंगळा तर असतोच. रोज एकाच झाडाजवळ, एकाच वेळी, एकाच जागी जो बसतो त्यास त्या झाडाचे वेळापत्रक कळू लागते. आठ दिवस पाखरे त्यास पाहून उडतात. पंधराव्या दिवशी ती त्याची दखल घेईनाशी होतात. मग चित्र घेण्यास खरा आरंभ होतो. वारा प्राण्याकडून आपल्याकडे यावा, ऊन पाठीशी असावे, हालचाल संथ असावी, वस्त्रे मातकट रंगाची असावीत, हे नियम कीर्टन बंधूंच्या काळापासून बदललेले नाहीत. खानदेशच्या उन्हाळ्यात त्यांत आणखी एका नियमाची भर पडते: सकाळी नऊनंतर माणूस व पाखरू दोघेही सावली शोधतात, म्हणून पहाटेस पर्याय नाही.

छायाचित्रणास भ्रमंतीच लागते असे मानणारांनी चाळीसगावचे केकी मूस ह्यांचे उदाहरण आठवावे. १९१२ साली जन्मलेल्या व १९८९ साली निवर्तलेल्या ह्या कलावंताने आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे आपल्या घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला, आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंची चित्रे घेऊन देशोदेशींची पारितोषिके मिळविली. त्यांचा विषय वन्य प्राणी नव्हता. परंतु प्रकाश कोठून येतो व कसा सरकतो हे एकाच खोलीत वर्षानुवर्षे पाहणाऱ्या ह्या मनुष्याचे शिक्षण, निंबावरील खारीचे चित्र घेऊ पाहणाऱ्यासही उपयोगी पडण्याजोगे आहे.

ह्या छंदाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी काचा थोड्या व महाग होत्या, म्हणून मनुष्य दहा वेळा विचार करून एक चित्र घेई. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि एका क्षणात वीस चित्रे निघतात. चित्र स्वस्त झाले तशी घाई वाढली. घरट्याभोवतालच्या फांद्या छाटणे, पिलांस उघडे पाडणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास भुलवून बोलावणे, दुर्मीळ पक्ष्याची ढोली कोठे आहे ती जागा जगजाहीर करणे, असले प्रकार हौसेच्या नावाखाली घडतात. अंड्यांवर बसलेली मादी एकदा बिचकून उडाली, की खानदेशच्या उन्हात अंडी तडकण्यास अगर कावळ्याने ती उचलण्यास फार वेळ लागत नाही. बंदुकीने एक पक्षी मरे. अविवेकी कॅमेऱ्याने एक वीणच्या वीण बुडू शकते. म्हणून घरट्यातील पक्ष्याचे चित्र घेऊ नये, असा दंडक पुष्कळ जाणत्या पक्षिमित्रांनी स्वतःस घालून घेतला आहे. तो हौशी माणसानेही पाळावा हे बरे.

ह्या शोधाचा लाभ कोणता, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. त्याचे उत्तर शहाद्याच्या त्या सकाळीत आहे. रानपिंगळा जिवंत आहे हे ठाऊक नव्हते, तोपर्यंत त्याच्या रानासाठी कोणी एक शब्दही बोलू शकत नव्हते. नष्ट झालेल्या पक्ष्याचे घर राखा, असे कोणी कोणास सांगावे? चित्र मिळाले आणि त्या सागाच्या झाडांस वकील मिळाला. गौताळ्याच्या वाघाचेही तसेच. हेच नियमित नोंदीच्या बाबतीत लहान प्रमाणावर खरे आहे. आपल्या गल्लीतील वडावर पिंगळ्याची जोडी कोणत्या वर्षापर्यंत होती, मेहरूणवर अमुक बदक कोणत्या तारखेस उतरले, ह्याचे तारीख घातलेले साधे चित्र आज क्षुल्लक वाटेल. परंतु डेव्हिडसन ह्यांनी खानदेशच्या रानात लिहिलेल्या लहान चिठ्ठ्याही त्या काळी अशाच क्षुल्लक होत्या. त्यांच्यावर स्थळ व काळ खरा लिहिलेला होता, म्हणून शंभर वर्षांनी त्या उपयोगी पडल्या. ज्या चिठ्ठीवर खोटे लिहिले होते, तिने शोधकांस भलत्याच गावी नेले.

तेव्हा ज्यांच्या घरी कॅमेरा आहे, अशा कुटुंबांनी, विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी, एवढे तरी करावे: घराजवळचे एक झाड, एक तळे किंवा एक माळ निवडावा, वर्षभर ठरल्या वेळी तेथे जावे, जीवास त्रास न देता जे दिसेल त्याचे चित्र घ्यावे, आणि चित्राखाली दिनांक व ठिकाण नीट लिहून ठेवावे. खानदेशच्या इतिहासाची साधने दप्तरांत व शिलालेखांत जशी आहेत, तशी ती झाडांवरही आहेत. ती टिपून ठेवणारी माणसे हवीत.